१० सेंटचा ‘सुपरमॅन’ ९१ लाख डॉलरना कसा विकला गेला?

आईच्या निधनानंतर कॅलिफोर्नियातील तीन भाऊ घर आवरत होते. माळ्यावर जुन्या वर्तमानपत्रांखाली काही कॉमिक्स सापडली. त्यातला १९३९चा ‘सुपरमॅन’चा पहिला अंक नोव्हेंबर २०२५मध्ये लिलावात ९१.२ लाख डॉलरना गेला. छापील किंमत होती १० सेंट!

एवढा भाव कशामुळे?
पहिला अंक दुर्मीळ आहेच, पण त्याची अवस्थाही तितकीच महत्त्वाची. ‘सीजीसी’ ही अमेरिकी कंपनी पिनांचा गंज, पाठीवरच्या घड्या, पानांचा पिवळेपणा तपासून ०.५ ते १० अशी ग्रेड देते. या अंकाला ९ मिळाली.

मग वाचायचा कसा?
वाचायचा नाही. ग्रेडिंगनंतर अंक पारदर्शक प्लास्टिक पेटीत सीलबंद होतो. पेटी उघडली, की ग्रेड रद्द.

दुरुस्ती केली तर?
उडालेला रंग भरला, तर निळ्याऐवजी जांभळं लेबल लागतं आणि भाव बराच खाली येतो.

बोली लावताना काय पाहाल?
शेवटची बोली म्हणजे अंतिम रक्कम नव्हे. लिलावगृह वर ‘बायर्स प्रीमियम’ घेतं. तो २० टक्के असेल, तर १ लाखाची बोली १ लाख २० हजारांना पडते. ‘सुपरमॅन’च्या ९१.२ लाखांतही हा प्रीमियम धरलेला आहे.

तुमच्या माळ्यावर जुनी ‘इंद्रजाल कॉमिक्स’ असतील, तर एवढं करा: सेलोटेप लावू नका, ओल्या फडक्याने पुसू नका. आहेत तशीच कोरड्या जागी ठेवा.