टी-पेशींना चकवा (भाग ६)

कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयातल्या एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीवरच्या उपचार केंद्रात, जाणाऱ्या कोणालाही विचारा, 'सीडीफोर' म्हणजे काय ते सांगेल. सीडी४ या मदतनीस टी-पेशी. एचआयव्ही हा विषाणू त्यांच्यातच घर करतो, म्हणून त्यांची मोजदाद होते. त्यांच्या भावंडांची, सीडी८ पेशींची, चौकशी फारसं कोणी करत नाही. बाधित पेशी हुडकून मारणं हे त्यांचं काम.

पण बाधित पेशी ओळखायची कशी? आत तर डोकावता येत नाही. जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या आतल्या प्रथिनांचे छोटे तुकडे, बहुधा नऊ अमिनो आम्लांचे, एचएलए नावाच्या रेणूच्या खोबणीत बसवून बाहेर मांडते. किडनी बदलण्याआधी जुळवून पाहतात तोच हा एचएलए, माणसागणिक वेगळा. मांडलेला तुकडा विषाणूचा निघाला की सीडी८ त्या पेशीचा निकाल लावते.

एचआयव्हीची नक्कल करणारं एन्झाइम मात्र भारी धांदरट. सुमारे ९,७०० अक्षरांचा मजकूर उतरवायचा आणि पुन्हा वाचून बघायचा नाही. दर तीन-चार प्रतींमागे एखादी चूक राहते, आणि प्रती रोज अब्जावधी. बहुतेक चुका विषाणूच्याच मुळावर येतात. एखादी नेमकी त्या नऊ आम्लांत पडते. मग तुकडा खोबणीत बसत नाही, किंवा बसला तरी टी-पेशीला तो ओळखीचा वाटत नाही.

सुटका फुकट होत नाही, हे मला यातलं सगळ्यात रंजक वाटतं. ज्यांच्याकडे एचएलए-बी५७ आहे, त्यांच्या टी-पेशी विषाणूच्या कवचाचा एक तुकडा अचूक धरतात. निसटण्यासाठी विषाणू २४२व्या जागचं थ्रिओनीन बदलून तिथे अ‍ॅस्परॅजिन आणतो. पण कवच बिघडतं, वाढ मंदावते. (कोल्हापुरात बसून कुस्तीशिवाय उपमा सुचत नाही: पट निघू नये म्हणून पैलवानानं पाय असा आखडला, की त्याला स्वतःलाच डाव टाकता येईना.) हाच विषाणू बी५७ नसलेल्या माणसात गेला की हळूहळू मूळ अक्षरावर परततो. २००४ साली हे दाखवून दिलं गेलं.

बी५७ला आणखी एक पदर आहे. त्याचा ५७:०१ हा प्रकार विषाणूला आवरायला मदत करतो. पण तो असणाऱ्यांना अबॅकाव्हिर या एचआयव्हीवरच्याच गोळीची जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी होऊ शकते. म्हणून ती देण्याआधी ही तपासणी करायची असते.

एक घोटाळा टाळायला हवा. टी-पेशींना चकवणं वेगळं, औषधाला न जुमानणं वेगळं. रोजच्या गोळ्या विषाणूच्या एन्झाइमांना अडवतात. कवचातल्या २४२च्या बदलाचं त्यांना सोयरसुतक नाही. विषाणूनं टी-पेशींना गुंगारा दिला असला तरी गोळ्या चालतात.

गोळ्या चालू असतानाही काही विषाणू पेशींत दडून राहतात. उपचार उशिरा सुरू झालेल्यांमध्ये या दडलेल्यांपैकी बहुतेक आधीच निसटलेले वाण असतात, असं २०१५मध्ये आढळलं. एचआयव्ही मुळासकट उपटायचे प्रयत्न इथेच अडतात. त्या दडलेल्यांकडे पुढच्या आठवड्यात.