मधमाशी शिकते कशी आणि विसरते कशामुळे

भिलाईच्या पोलाद कारखान्याची धुराडी मागे टाकून दुर्गहून धमध्याच्या दिशेने निघाले की भाताच्या बांध्यांच्या जोडीला भाजीपाल्याचे मळे दिसू लागतात. टोमॅटोसाठी हा परिसर प्रसिद्ध आहेच. पण परागीभवनाच्या दृष्टीने खरी परीक्षा असते ती वेलवर्गीय पिकांची. तांबड्या भोपळ्याचे फूल पहाटे उमलते आणि दुपारपूर्वी मिटते. नर फुले वेगळी, मादी फुले वेगळी. पराग वाहून नेणारे कोणी आले नाही, तर वेल कितीही जोमदार असला तरी फळधारणा होत नाही. त्या चार-पाच तासांत मधमाशीला शेत गाठावे लागते, फूल ओळखावे लागते, पोळ्याकडे परतावे लागते आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी त्याच जागी येण्याची आठवण ठेवावी लागते. कोणत्या शेतात, कोणत्या वासाच्या फुलात, दिवसाच्या कोणत्या प्रहरी मकरंद मिळेल, हे तिला जन्मतः ठाऊक नसते. ते ती शिकते.

ही शिकवण ज्या मेंदूत साठते त्याचे आकारमान जेमतेम एक घन मिलिमीटर असून त्यात सुमारे दहा लाख चेतापेशी असतात. त्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक पेशी अळिंबीच्या आकाराच्या दोन पिंडांत एकवटलेल्या आहेत. वासाची आठवण प्रामुख्याने येथे घडते.

प्रयोगशाळेत ही क्रिया पाहण्याची पद्धत अगदी साधी आहे. उपाशी माशीला बारीक नळीत अडकवून ठेवतात. तिला एखादा वास देतात आणि लगेच शृंगिकेला साखरपाण्याचा स्पर्श करतात. माशी सोंड बाहेर काढते. पुढच्या वेळी नुसता वास आला तरी पुष्कळ माशा सोंड काढतात. अशा तीन फेऱ्या झाल्या की आठवण काही दिवस टिकते.

साखर ही ‘बक्षीस’ असल्याचे मेंदूला कोण सांगते? जर्मनीतील मार्टिन हॅमर यांनी १९९३ मध्ये याचे उत्तर दिले. मधमाशीच्या मेंदूत एक चेतापेशी अशी आहे की तिच्या शाखा वास ओळखणाऱ्या भागापासून त्या अळिंबीसारख्या पिंडांपर्यंत पसरलेल्या असतात. हॅमर यांनी वास दिल्यानंतर साखर दिलीच नाही; त्याऐवजी ती एकच पेशी विजेच्या सूक्ष्म प्रवाहाने उद्दीपित केली. तरीही माशी तो वास शिकली. ऑक्टोपामाइन हे या पेशीचे रसायन. पाच वर्षांनी हॅमर आणि रँडॉल्फ मेंझेल यांनी वासापाठोपाठ ऑक्टोपामाइन थेट मेंदूत टोचले, तेव्हाही तोच परिणाम मिळाला.

मात्र रसायन म्हणजे केवळ किल्ली. ती ज्या कुलपात फिरते त्याला ग्राही म्हणतात. पेशीच्या आवरणावर बसलेले हे प्रथिन योग्य रसायन चिकटले की पेशीच्या आत संदेश पाठवते. मधमाशीच्या मेंदूतील ऑक्टोपामाइनच्या ग्राहीचे जनुक २००३ मध्ये एका प्रयोगात दडपण्यात आले, तेव्हा साखर आणि वास यांची सांगड घालण्याची माशीची क्षमता घटली. किल्ली होती, कुलूप नव्हते.

अशा प्रश्नांचा जनुकीय शोध प्रामुख्याने ड्रॉसोफिलावर झाला. ही फळबागायतदारांची शत्रू असलेली फळमाशी नव्हे. पिकल्या केळ्याभोवती घोंगावणारे ते चिलट. त्याला वास कसा कळतो याचे जनुकीय संशोधन मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी आणि वेरोनिका रॉड्रिग्ज यांनी १९७०च्या दशकात हाती घेतले होते. ऑक्टोपामाइन बक्षिसाचे आणि डोपामाइन शिक्षेचे, अशी सोपी वाटणी पुढे याच कीटकात आढळली. पण ती फार काळ टिकली नाही. २०१२ मध्ये डोपामाइन सोडणाऱ्या काही पेशी बक्षिसाचाही संदेश देतात असे दिसून आले. कोणते रसायन सुटले याइतकेच ते कोठे सुटले आणि कोणत्या ग्राहीवर पोहोचले याला महत्त्व आहे.

शेतीशी याचा संबंध येथेच येतो, कारण आपली अनेक कीटकनाशके याच कुलपांवर किंवा त्यांच्या किल्ल्यांवर काम करतात. असिटिलकोलीन हे कीटकांच्या मेंदूतील प्रमुख संदेशवाहक. भातावरील तुडतुड्यांसाठी वापरले जाणारे इमिडाक्लोप्रिड त्याच्या ग्राहीवर जाऊन बसते. सेंद्रिय फॉस्फरसवर्गीय कीटकनाशके असिटिलकोलीनचे विघटन करणारे विकरच निकामी करतात. जनावरांच्या गोचिडांवर आणि काही देशांत पेटीतील व्हरोआ कोळ्यांवर वापरले जाणारे अमिट्राझ तर ऑक्टोपामाइनच्या ग्राहीवर क्रिया करते. तुडतुड्याचे कुलूप आणि मधमाशीचे कुलूप फारसे वेगळे नाही.

मात्रा मोठी असेल तर माशी मरते. ती अल्प असेल तर काय होते, हा प्रश्न अधिक अवघड आहे. इमिडाक्लोप्रिडच्या संपर्कात मधमाशीच्या अळिंबीसदृश पिंडांतील पेशी निष्क्रिय होतात, हे २०१३ मध्ये दाखवले गेले. त्याच्या आदल्या वर्षी फ्रान्समध्ये माशांच्या पाठीवर सूक्ष्म इलेक्ट्रॉनिक खुणा चिकटवून, थायमेथोक्झामची न मारणारी मात्रा देऊन त्यांना पोळ्यापासून दूर सोडण्यात आले. पोळ्यात न परतणाऱ्यांची संख्या लक्षणीय वाढली. युरोपीय संघाने २०१८ मध्ये या गटातील तीन कीटकनाशकांचा उघड्या शेतातील वापर बंद केला. शेतातील परिणाम पीक, मात्रा आणि हंगामानुसार बदलतात, हे मान्य करायला हवे. परंतु आपली पाहणी अजून पेटीसमोर पडलेल्या मृत माशा मोजण्यावर थांबते, आणि वाट विसरलेली माशी त्या मोजणीत कधीच येत नाही.

शिकण्याची हीच यंत्रणा शेतकऱ्याच्या बाजूनेही वळवता येते. वनस्पतींनी ते केव्हाच साधले आहे: कॉफी व काही लिंबूवर्गीय झाडांच्या मकरंदात अल्प कॅफीन असते. २०१३ च्या एका प्रयोगात कॅफीनयुक्त साखरपाण्यासोबत वास शिकलेल्या माशांपैकी चोवीस तासांनी तो आठवणाऱ्यांची संख्या तिप्पट होती. फुलाचा वास लावलेले साखरपाणी देऊन माशांना विशिष्ट पिकाकडे वळवण्याचे प्रयोग कार्ल फॉन फ्रिश यांनी १९४०च्या दशकात केले होते. अर्जेंटिनातील संशोधकांनी सूर्यफुलाच्या वासाशी जुळणारे मिश्रण साखरपाण्यातून पेट्यांत दिले, तेव्हा वाणानुसार २९ ते ५७ टक्के अधिक उत्पादन मिळाल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्याकडील सातेरी माशी आणि वेलवर्गीय पिके यांवर असा प्रयोग करून पाहण्यास फार खर्च येणार नाही.

तोपर्यंत विस्तार कार्यकर्त्यांनी एका सल्ल्याकडे पुन्हा पाहावे. ‘संध्याकाळी फवारा’ हे सांगणे भोपळा व काकडीसाठी ठीक आहे, कारण त्यांची फुले सकाळी उमलतात. तेही केवळ स्पर्शजन्य औषधांपुरते. आंतरप्रवाही औषध मकरंदात व परागात उतरू शकते, म्हणून कळ्या दिसू लागल्यापासून ते टाळलेलेच बरे. दोडका आणि दुधी यांची फुले मात्र संध्याकाळीच उमलतात. भोपळ्याच्या शेजारी दोडक्याचा मांडव असेल, तर दोन्हींची फवारणी एकाच फेरीत उरकू नये.