अवटु ग्रंथीचा कर्करोग आणि प्रतिकारसंस्था

अवटु ग्रंथी म्हणजेच थायरॉईड ही मानेच्या पुढील भागात श्वासनलिकेला लगटून असलेली अंतःस्रावी ग्रंथी होय. तिच्यात उद्भवणाऱ्या कर्करोगाच्या पेशी काही विशिष्ट रेणूंच्या साहाय्याने प्रतिकारसंस्थेचा हल्ला टाळतात. ही बाब काहीशी विलक्षण आहे, कारण एरवी हीच ग्रंथी अशा हल्ल्याला सहज बळी पडते. हाशिमोटो विकारात प्रतिकारसंस्थेतील लसिकापेशी निरोगी अवटुपेशींचाच नाश करतात. पॅपिलरी या सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगासोबत हा विकार अनेकदा असतो आणि अशा रुग्णांत कर्करोग सर्वसाधारणपणे सौम्य राहतो.

== हल्ला टाळण्याची यंत्रणा ==

पेशीच्या आत तयार झालेल्या प्रथिनांचे तुकडे एचएलए वर्ग-१ हे रेणू तिच्या पृष्ठभागावर मांडतात. मारक टी-पेशी ते तपासतात आणि परके आढळल्यास ती पेशी नष्ट करतात. पॅपिलरी कर्करोगात हे रेणू पुष्कळदा घटलेले असतात; त्यामुळे टी-पेशी जवळ असूनही तिला ओळखण्याजोगे फारसे काही उरत नाही. एचएलए नसलेल्या पेशी खरे तर नैसर्गिक मारक पेशींचे लक्ष्य ठरावयास हव्यात. मात्र ॲनाप्लास्टिक कर्करोगाच्या पेशी प्रोस्टाग्लँडिन ई२ स्रवून त्यांनाही निष्प्रभ करू शकतात, असे प्रयोगशाळेत दिसले आहे.

दुसरा मार्ग पीडी-एल१ या प्रथिनाचा. टी-पेशीवरील पीडी-१ हा ग्राही म्हणजे तिचा लगाम होय; स्वतःच्या ऊतींची हानी होऊ नये म्हणून शरीराने तो राखलेला असतो. कर्करोगपेशी पीडी-एल१ धारण करून हाच लगाम ओढते. टी-पेशींनी स्रवलेल्या इंटरफेरॉन-गॅमामुळे पीडी-एल१ वाढते, म्हणजे हल्लाच बचावाला चालना देतो. याशिवाय नियामक टी-पेशी आणि अर्बुदात शिरलेल्या महाभक्षी पेशी प्रतिकार दडपतात. ॲनाप्लास्टिक अर्बुदात महाभक्षी पेशींची गर्दी विशेष असते.

== उपचार ==

बहुतेक पॅपिलरी व फॉलिक्युलर रुग्णांना शस्त्रक्रिया आणि गरजेनुसार किरणोत्सारी आयोडीन-१३१ पुरेसे ठरते. मुंबईतील परळ येथे १९६३ मध्ये स्थापन झालेले विकिरण औषध केंद्र या उपचाराचे भारतातील जुने केंद्र आहे. प्रश्न उरतो तो आयोडीन न शोषणाऱ्या अर्बुदांचा आणि अत्यंत घातक अशा ॲनाप्लास्टिक प्रकाराचा.

पीडी-१ चा शोध तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत लागला. त्यांना व जेम्स ॲलिसन यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पीडी-१ रोखणाऱ्या स्पार्टालिझुमॅबच्या ४२ ॲनाप्लास्टिक रुग्णांवरील चाचणीत १९ टक्के रुग्णांची अर्बुदे आकसली. पीडी-एल१ असलेल्यांत हे प्रमाण २९ टक्के होते. पॅपिलरी व फॉलिक्युलर प्रकारांच्या २२ रुग्णांना पेम्ब्रोलिझुमॅब दिले असता केवळ दोघांत असा परिणाम दिसला. लगाम सैल केला तरी ओळखण्याची खूणच नसेल तर टी-पेशी काय करणार, हा मुद्दा येथे लक्षात घेण्याजोगा आहे.

या औषधांची किंमत ही भारतातील मोठी अडचण आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने डोके व मान यांच्या अन्य कर्करोगांत निव्होलुमॅबची केवळ २० मिलिग्रॅमची मात्रा दर तीन आठवड्यांनी केमोथेरपीसोबत देऊन पाहिली; एक वर्षानंतर जिवंत असलेल्यांचे प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेले. ती चाचणी अवटु कर्करोगावरील नसल्याने हा निष्कर्ष त्याला थेट लावता येत नाही.

पीडी-१ रोखल्यावर ज्यांची अवटु ग्रंथी शाबूत आहे अशा इतर कर्करोगांच्या काही रुग्णांत टी-पेशी त्या निरोगी ग्रंथीवरच उलटतात. त्यांना थायरॉक्सिनच्या गोळ्या बहुधा कायम घ्याव्या लागतात.