मलकपेठेतून आजोबांच्या शोधात

आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मसाल १३४० दिसलं तर दचकू नका! निजामी राज्यात सरकारी कागदांवर फसली सन चाले. त्यात ५९० मिळवा, की १९३०-३१ हाती येतं. वर्ष ऑक्टोबरात सुरू होई आणि महिने आजूर, दै, बहमन असे. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे पाचही जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. म्हणून मराठवाड्यातल्या कित्येक घराण्यांचा माग आजही हैदराबादेत, मुसी नदीच्या काठीच लागतो. मलकपेठेत राहणाऱ्या मराठी माणसाला तर तो दारातच आहे.

मलकपेठेजवळच्या टेकडीवर निजामाचा फ्रेंच सेनानी रेमंड याची कबर आहे. तो १७९८ मध्ये वारला. लोकांनी त्याचा ‘मूसा राम’ केला, त्यावरूनच शेजारचं मुसारामबाग! मृत्यूआधी तीनच वर्षं, १७९५ मध्ये, खर्ड्याच्या लढाईत त्याचं कवायती पायदळ मराठ्यांसमोर उभं होतं. तुमचे पूर्वज खर्ड्याला लढले असतील, तर त्यांचा प्रतिस्पर्धी इथे झोपलाय.

चादरघाटचा पूल ओलांडला की कोठी. २८ सप्टेंबर १९०८ च्या मुसीच्या महापुराने हा नदीकाठ उद्ध्वस्त केला. घरं गेली, माणसं गेली, घरातले कागदही गेले. पुढच्या काही वर्षांत लिओनार्ड मन यांनी शहराची बारीक मोजणी करून मोठ्या मापाचे नकाशे काढले. पणजोबांचा वाडा कुठे होता, यावर घरात वाद असेल तर या नकाशांइतका चांगला साक्षीदार नाही.

आता पुस्तकांकडे. अफझलगंजचं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय म्हणजे १८९१ चं जुनं आसफिया. इसामिया बाजारात आपलं मराठी ग्रंथ संग्रहालय, १९२२ पासूनचं. अशा ठिकाणी गेलात तर जाडजूड इतिहासग्रंथांआधी संस्थांच्या स्मरणिका मागा, हा माझा आग्रह. १९०७ च्या विवेक वर्धिनीसारख्या शाळा घ्या, मंडळं घ्या. स्मरणिकांत शिक्षक, देणगीदार, नाटकात काम केलेली मुलं अशी नावंच नावं सापडतात. आजीचं माहेरचं नाव कुलवृत्तांतात राहून गेलं असेल, पण शाळेच्या एखाद्या जुन्या फोटोखाली ते छापलेलं असू शकतं.

तारनाक्याचं राज्य अभिलेखागार हे मोठं प्रकरण. शहाजहान-औरंगजेबाच्या काळातले दख्खनचे फारसी कागद तिथे हजारोंनी आहेत. मराठा आरक्षणाच्या प्रश्नात कुणबी नोंदी शोधण्यासाठी महाराष्ट्राने २०२३ मध्ये नेमलेल्या न्या. संदीप शिंदे समितीलाही निजामकालीन दप्तरं पाहायला हैदराबाद गाठावं लागलं. घराण्याचा इतिहास हा फक्त हौसेचा मामला नाही, तो असा.

अडचण एकच, आणि ती मोठी आहे. कागद उर्दूत किंवा मोडीत, आणि नातवंडांना दोन्ही वाचता येत नाहीत. मोडी शिकवणारे वर्ग अजून भरतात. पण निजामी शाळेत उर्दूतून शिकलेली मराठी माणसं आता नव्वदीच्या आसपास आहेत. तुमच्या घरात असं कुणी असेल, तर येत्या रविवारी ट्रंकेतलं खरेदीखत त्यांच्यापुढे उलगडा, त्यांना मोठ्याने वाचायला सांगा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा.