शर्ली हे पुरुषाचं नाव होतं

शार्लट ब्राँटेची ‘शर्ली’ ही कादंबरी १८४९ मध्ये आली, तोवर शर्ली हे पुरुषाचं नाव होतं. कादंबरीतल्या यॉर्कशरच्या जमीनदार जोडप्याला मुलगा हवा होता, झाली मुलगी. मग मुलासाठी ठरवलेलं घराण्यातलं नाव तिलाच ठेवलं गेलं. मोठेपणी ही शर्ली इस्टेट सांभाळते, शीळ घालते, स्वतःला कॅप्टन म्हणवून घेते. नाव पुरुषाचं आणि कारभारही पुरुषाचाच, तर मला मॅजिस्ट्रेट का करू नये, असंही हसत हसत बोलून दाखवते. तिला घडवणारी लेखिका मात्र ‘करर बेल’ या टोपणनावाआड होती. बाईचं लिखाण म्हटलं की वाचणाऱ्याची नजर बदलते, हे तिन्ही ब्राँटे बहिणींना ठाऊक होतं.

पुढे लोक लेकींची नावं शर्ली ठेवू लागले. १९३० च्या दशकात बालतारका शर्ली टेंपलमुळे अमेरिकेत मुलींच्या नावांत ते दुसऱ्या क्रमांकावर पोचलं. मुलांसाठी ते जवळपास संपलं. बेव्हर्ली, एव्हलिन, लेस्ली यांचंही असंच झालं. ‘गॉन विथ द विंड’मधला ॲश्ली पुरुष आहे, १९९१ मध्ये ॲश्ली हे अमेरिकेतल्या मुलींचं सर्वांत आवडतं नाव होतं आणि त्याच दशकात ते मुलांच्या पहिल्या हजार नावांतूनही गळालं.

ही वाट एकेरी आहे, आणि मला खुपतं ते हेच. मुलीला मुलाचं नाव दिलं की नाव ‘दमदार’ ठरतं. पण चार मुलींनी ते घेतलं की मुलग्यांचे आईबाप त्याला हात लावत नाहीत. मुलीनं नावाचा मान वाढवला, असं कुणी म्हणत नाही. नाव ‘बायकी’ झालं म्हणतात. मुलग्याला मुलीचं नाव दिलं तर काय, याचं उत्तर जॉनी कॅशनं १९६९ मध्ये गायलेल्या ‘अ बॉय नेम्ड सू’ या गाण्यात आहे. त्यातला बाप मुलाचं नाव सू ठेवतो, ते लोकांनी टिंगल करावी आणि मारामाऱ्या करून पोरगं टणक व्हावं म्हणून.

आपल्याकडे मुलीला मुलाचं नाव सहसा देत नाहीत, पण ‘आमची पोरगी मुलगाच आहे हो!’ हे कौतुक घरोघरी ऐकू येतं. बोलणाऱ्याच्या मनात माया असते, शंकाच नाही. तरी ऐकणाऱ्या पोरीला कळतं ते एवढंच, की मुलगी म्हणून आपण कुठेतरी कमी पडलो असतो. बांगड्या आवडणारी, रडू येणारी मुलगीही उद्या कारखाना चालवू शकते, हे त्या कौतुकात बसत नाही.

मुलगा हवा असताना झालेल्या लेकींची नावं सातारा जिल्ह्यात ‘नकुशा’ ठेवली जात. ऑक्टोबर २०११ मध्ये जिल्हा प्रशासनानं समारंभ करून अशा २८५ मुलींना नवी नावं दिली. नाव निवडायची संधी मिळाल्यावर त्यांच्यातली कुणी ऐश्वर्या झाली, कुणी वैशाली.