उमेदवार आवडता की अनुभवी?

५ जानेवारी २००८ रोजी न्यू हॅम्पशायरमधील वादसभेत हिलरी क्लिंटन यांना विचारण्यात आले, की त्यांचा अनुभव मतदारांना मान्य असला, तरी बराक ओबामा अधिक आवडतात, याचे काय? ओबामा मध्येच म्हणाले, त्याही पुरेशा आवडण्याजोग्या आहेत. हे औदार्य अनेकांना तुच्छतेसारखे वाटले. तीनच दिवसांनी तेथील पक्षांतर्गत निवडणूक क्लिंटन यांनी जिंकली. अमेरिकेच्या अध्यक्षपदाची डेमोक्रॅटिक उमेदवारी मात्र २००५ मध्येच सिनेटवर आलेल्या ओबामांना मिळाली.

आवडीला एवढे वजन आले, कारण निवडणारेच बदलले. १९६८ मध्ये ह्यूबर्ट हम्फ्री अशी एकही निवडणूक न लढवता या पक्षाचे उमेदवार झाले. पुढाऱ्यांचा कौल पुरेसा होता. शिकागो अधिवेशनातील गदारोळानंतर नियम बदलले आणि १९७२ पासून निर्णय मुख्यतः मतदारांकडे गेला. पुढारी सहकाऱ्याचे काम जवळून पाहतो. मतदार त्याला दूरचित्रवाणीवर पाहतो.

अर्थात, अनुभवाचीही हमी कोणी देऊ नये. जेम्स ब्युकॅनन सिनेटर, राजदूत, परराष्ट्रमंत्री असे सारे होऊन १८५७ मध्ये अध्यक्ष झाले. त्यांच्या कारकिर्दीअखेर सात राज्ये संघातून फुटली. त्यांच्यानंतर आलेल्या लिंकन यांच्या गाठीशी काँग्रेसमधील अवघी दोन वर्षे होती.