एका मोटारीचे पाठभेद

मला मोटार हाकता येत नाही, हे आधीच कबूल केलेले बरे. जुन्या पोथ्यांची धूळ झटकण्यात वीस वर्षे घालवलेल्या माणसाने विलायती स्पोर्ट्‌स गाडीवर लिहावे, हा आगाऊपणाच! पण इंग्लंडात स्थायिक झालेल्या एका जुन्या विद्यार्थ्याचे पत्र आले. शेजारच्या आजोबांकडून त्याने १९७२ सालची एम्. जी. बी. विकत घेतली होती. लग्न झाल्यावर आजोबांनी बायकोला याच गाडीतून घरी आणले होते म्हणे. आता गाडी पुरती गंजली होती. "सर, तिची डागडुजी करू, की नवी काया घालू?" असा त्याचा प्रश्न. तो मला चांगलाच ओळखीचा वाटला.

एम्. जी. बी. म्हणजे दोघांपुरती, उघड्या टपाची छोटी गाडी. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावी १९६२ साली ती बनू लागली आणि १९८० साली बंद झाली. तेवढ्यात पाच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. नोकरदार तरुणाने पोटाला चिमटा घेऊन करावी, अशी ही चैन होती.

दुखणे मात्र आतले. हिला वेगळा सांगाडा नाही. पत्र्याची कायाच सगळा भार पेलते, आणि त्यातही दारांखालच्या दोन पोकळ तुळया. पावसाने आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाने त्या आतून कुजतात. वरून रंग झकास! शिवाय डोक्यावर छप्पर नसल्यामुळे तुळई कापली की गाडी कमरेत वाकते आणि दारे पुन्हा लागत नाहीत. म्हणून जाणता कारागीर आधी दाराच्या चौकटीत लोखंडी गज जोडून गाडी जखडतो, मग कुजका भाग कापून नवा पत्रा बसवतो. हे काम महिनोन्‌महिने चालते.

दुसरी वाटही आहे. ब्रिटिश मोटर हेरिटेज या कंपनीने जुने साचे मिळवून १९८८ पासून हिची अख्खी कायाच नव्याने बनवायला घेतली. तीत जुने इंजिन, चाके, खुर्च्या बसवायच्या. पण मग ती आजोबांची गाडी राहिली का?

फेरफारांचीही हीच कथा. पोथी उतरवणारा लेखनिक पदरची ओवी घुसडतो, तसा प्रत्येक मालक काहीतरी घुसडतोच. एकनाथमहाराजांना शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध करावी लागली, ती उगाच नव्हे! तरी सगळेच बदल वाईट असे कसे म्हणावे? ब्रिटनमध्ये २००० साली शिसेयुक्त पेट्रोलची सर्रास विक्री थांबल्यावर इंजिनातल्या झडपांच्या बैठकी कठीण धातूच्या करणे हे पथ्यच झाले. केन कॉस्टेलो नावाच्या इंग्रजाने तर हिच्यात रोव्हरचे आठ सिलिंडरांचे, साडेतीन लिटरचे इंजिन बसवले; आणि गंमत पाहा, १९७३ साली कारखान्यानेच तशी गाडी काढली! प्रक्षेप मूळ संहितेत शिरला तो असा.

मी उत्तर धाडले: जुना पत्रा राहील तितका राख, आणि जो बदल पुन्हा काढता येईल तोच कर.

गेल्या महिन्यात त्याचे पत्र आले. तुळया बदलल्या, बाकी काया जुनीच. गिअरपेटी तेवढी नवी, पाच गिअरांची. मूळची गोणपाटात गुंडाळून जिन्याखाली ठेवली आहे आणि सूनबाई रोज तिला ठेचकाळतात. गाडी बाहेर काढली त्या दिवशी आजोबा कुंपणाशी आले. काही न बोलता त्यांनी डावीकडचे, बायकोच्या बाजूचे दार उघडले आणि मिटले.

दार अलगद लागले.